जुन्या पिस्तुलाची खरी किंमत

अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात कोल्ट कंपनीने १९०३ ते १९४५ या काळात .३२ बोअरची खिशात मावणारी पिस्तुलं बनवली. ती पाच लाखांहून अधिक निघाली, त्यामुळे तिकडे त्यांचं अप्रूप बेताचंच आहे. बऱ्यापैकी वापरलेलं पिस्तूल काहीशे डॉलरांपासून मिळायला लागतं. तेच पिस्तूल, तितकंच घासलेलं, भारतात कायदेशीर कागदांसह विकायला निघालं की भाव लाखांत बोलला जातो. जर्मन वाल्थर असेल तर आणखी वर. शंभर वर्षांचं लोखंड इकडे महाग होतं आणि तिकडे स्वस्त राहतं, याचं कारण पिस्तुलात शोधून सापडणार नाही. ते दिल्लीच्या आयात धोरणात आहे.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल मागवण्याचा रस्ता बंद झाला. नामवंत नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडले, तर बाहेरून नवं हत्यार येत नाही. त्यामुळे देशात त्याआधी जितकी परदेशी पिस्तुलं आली, तितक्यांतच खरेदी-विक्री फिरत राहते. इंग्रज अधिकाऱ्यांनी जाताना विकलेली, संस्थानिकांच्या आणि जमीनदारांच्या घरांत राहिलेली, परदेशातून परतणाऱ्यांनी सोबत आणलेली. दरवर्षी त्यांतली काही गंजतात, काही सरकारजमा होतात, काहींचे सुटे भाग मिळेनासे होतात. संख्या घटतच जाते, आणि तिच्यासोबत भाव चढतो.

उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यात अशी हत्यारं कुठून आली असतील, याचा माग इतिहासात लागतो. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता. गावोगाव मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे जमीनदार, होते, आणि मालगुजाराच्या वाड्यात बंदूक असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आर्वी, हिंगणघाट, देवळी भागातल्या एखाद्या जुन्या घराण्याच्या हत्याराचा कागद मागे मागे नेत गेलं, तर तीन राज्यांच्या राजवटी ओलांडाव्या लागतात. असा सलग कागद ज्याच्याकडे आहे, त्याच्या पिस्तुलाला भाव मिळतो. ज्याच्याकडे नाही, त्याचं पिस्तूल कितीही चकचकीत असलं तरी त्याला हात न लावलेला बरा.

वर्ध्यात हत्याराचा विषय निघाला की साहजिकच सेवाग्राम आठवतं. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले, आणि अहिंसेचा जिल्हा अशीच वर्ध्याची ओळख झाली. पण शस्त्र परवान्यांबद्दल गांधीजींचं म्हणणं अनेकांना चकित करणारं आहे. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी सगळ्या देशाला नि:शस्त्र केलं, याचा राग त्यांनी १९१८च्या सैन्यभरतीच्या पत्रकात स्पष्ट मांडला होता. १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाआधी, त्यांनी सरकारपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यांत लोकांच्या देखरेखीखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यावेत, ही एक मागणी होती. स्वतः हत्यार न धरणाऱ्या माणसाला परवान्याचा प्रश्न नागरिकाच्या हक्काचा वाटत होता.

इंग्रजांचा तो कायदा जाऊन १९५९चा शस्त्र कायदा आला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, आणि आजचे तपशीलवार नियम २०१६चे आहेत. या कायद्यात लांब बंदूक आणि पिस्तूल यांना एकाच मापाने मोजलेलं नाही. वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितली, किंवा पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, तर कायद्याचा कल परवाना देण्याकडे आहे. बोर अभयारण्याच्या कडेने राहणाऱ्या, रानडुकरांनी आणि रोह्यांनी हैराण झालेल्या शेतकऱ्याचा अर्ज या खान्यात बसतो. पिस्तुलाचं तसं नाही. त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं आणि जिवाला असलेला धोका पटवून द्यावा लागतो. पोलिसांचा अहवाल येतो आणि निर्णय जिल्हाधिकारी घेतात. पिकाच्या नावावर पिस्तूल मागणाऱ्याने फार आशा ठेवू नये.

अर्थात परवाना आधी, पिस्तूल नंतर. अनेक हौशी माणसं हा क्रम उलटा करतात. ओळखीत कोणाचं तरी 'इम्पोर्टेड' विकायला आहे असं कळतं, बयाणा दिला जातो, आणि मग परवान्याची धावाधाव सुरू होते. अर्ज फेटाळला गेला की बयाण्याचं भांडण उरतं. त्याहून वाईट म्हणजे तोवर हत्यार 'जरा बघायला' म्हणून घरी आणलेलं असतं. परवान्याविना साधं, म्हणजे मनाईच्या यादीत नसलेलं, अग्निशस्त्र जवळ सापडलं तरी २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. आठवडाभरासाठी आणलं होतं, या सबबीला कोर्टात किंमत नाही.

परवाना हातात आला, तरी कोणतंही पिस्तूल घेता येत नाही. परवान्यावर हत्याराचा प्रकार आणि बोअर लिहिलेला असतो. इथे 'बोअर' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, कारण जुन्या पिस्तुलाच्या बाजारातला अर्धा घोळ त्यातच आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरची काडतुसं ज्यात बसतात, ती पिस्तुलं सामान्य नागरिकाला मना आहेत. जुन्या इंग्रजी लष्करी रिव्हॉल्व्हरची .३८० आणि .४५५ ही मागे कड असलेली काडतुसं घेणारी हत्यारंही त्याच यादीत येतात. त्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते, आणि ती क्वचित मिळते. म्हणजे आजोबांच्या पेटीत ९ मिलिमीटरचं ल्यूगर पिस्तूल निघालं, तर आनंद साजरा करण्याआधी वकील गाठावा. नागरिकांच्या हातात मुख्यतः .३२, आणि थोडीफार .२५ व .२२ बोअरची पिस्तुलं दिसतात.

.३२ मध्येही एक खोच आहे. .३२चं पिस्तूल आणि .३२चं रिव्हॉल्व्हर यांची काडतुसं वेगळी असतात. पिस्तुलाचं आखूड, रिव्हॉल्व्हरचं लांब आणि कडेचं. आकडा एक असला, तरी एकाचं दुसऱ्यात चालत नाही. परवान्यावर 'रिव्हॉल्व्हर' लिहिलेलं असताना पिस्तुलाचा सौदा केला, तर आधी परवान्यात बदल करून घ्यावा लागतो.

सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे काय, हेही थोडक्यात. चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते. त्या धक्क्याने वरची सरकपट्टी मागे जाते, रिकामं टरफल बाहेर फेकते आणि परत येताना मुठीतल्या मॅगझिनमधून पुढचं काडतूस नळीत ढकलते. पुढच्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. ही रचना खिशात मावेल इतकी सुटसुटीत करण्याचं श्रेय जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराला जातं. बेल्जियमच्या एफएन कारखान्यातून १९०० साली बाहेर पडलेलं त्याचं पिस्तूल .३२चं हे काडतूस घेऊनच जन्माला आलं. कोल्टचं १९०३चं पिस्तूलही त्याचंच.

महाराष्ट्राला ब्राउनिंग हे नाव लवकरच कळलं, तेही रक्तरंजित रीतीने. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी ब्राउनिंग बनावटीची वीस पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला पाठवली, असा सरकारी आरोप होता. इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन ती घेऊन आला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या याच साठ्यातल्या पिस्तुलातून, असं खटल्यात मांडलं गेलं. हत्याराची बनावट आणि त्यावरचा क्रमांक पुरावा म्हणून किती लांब जातात, हे तेव्हाच दिसलं.

क्रमांकाची सगळ्यांत बोलकी गोष्ट मात्र भगतसिंगांच्या पिस्तुलाची आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला पोलीस अधिकारी सॉन्डर्सचा वध झाला. त्यात खेडचे राजगुरूही होते. भगतसिंगांचं .३२चं कोल्ट ऑटोमॅटिक खटल्यानंतर फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात गेलं, तिथून १९६९ मध्ये इतर हत्यारांबरोबर सीमा सुरक्षा दलाच्या इंदूरच्या संग्रहालयात आलं आणि तिथे अनोळखी म्हणून पडून राहिलं. गंजू नये म्हणून त्यावर काळा रंग चढवलेला होता. २०१६ मध्ये तो रंग खरवडला, तेव्हा खाली १६८८९६ हा क्रमांक निघाला. खटल्याच्या कागदांशी तो जुळला, आणि एका रात्रीत एक जुनं पिस्तूल राष्ट्रीय ठेवा ठरलं. पुढच्या वर्षी ते पंजाबात हुसैनीवाल्याला नेण्यात आलं.

दुकानात पिस्तूल पाहणाऱ्याने या गोष्टीतून घ्यायचं ते इतकंच की आधी क्रमांक वाचावा. कायद्याच्या आठव्या कलमानुसार बनावटीचं नाव किंवा क्रमांक खोडणं हा गुन्हा आहे, आणि खोडलेला क्रमांक असलेलं हत्यार ज्याच्याजवळ सापडेल त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जातं. नाही खोडला, हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून क्रमांक बोटाने चाचपून पाहावा. तिथला पत्रा आजूबाजूपेक्षा खोलगट लागला, अक्षरं वाकडीतिकडी किंवा नव्याने ठोकल्यासारखी दिसली, तर सौदा तिथेच थांबवावा. क्रमांक विक्रेत्याच्या परवान्यावरच्या नोंदीशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या कारकुनांनी घाईत ३ चा ८ केलेली उदाहरणं असतात. ती दुरुस्त होतात, पण खरेदीआधी आणि विक्रेत्याच्या खर्चाने.

क्रमांकावरून वयही कळतं. कोल्टच्या क्रमांकांच्या याद्या छापील मिळतात आणि कंपनी पैसे घेऊन जुन्या नोंदींवरून पत्रही देते. युरोपी पिस्तुलांवर कारखान्याच्या शिक्क्यांखेरीज चाचणीगृहाचे ठसे असतात. बेल्जियमचा लीएजचा ठसा, इंग्लंडचे बर्मिंगहॅम आणि लंडनचे, जर्मनीचा आधी मुकुट आणि 'एन', तर १९४० पासून गरुड आणि 'एन'. नळी जादा दाबाचं काडतूस झाडून तपासली आहे, याची ती खूण. हे ठसे नसलेलं 'जर्मन' पिस्तूल बहुधा जर्मन नसतं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला पिस्तुलं कमी पडली, तेव्हा स्पेनमधल्या आयबार गावच्या कितीतरी कारखान्यांनी एकाच नमुन्याची .३२ पिस्तुलं पुरवली. दिसायला सारखी, पण एकाचं मॅगझिन दुसऱ्यात बसेल याची खात्री नाही. ती चालतात, त्यांची किंमत मात्र ब्राउनिंगची नाही. सरहद्दीपलीकडच्या दर्रा आदमखेलच्या नकलांवर इंग्रजी नावांची स्पेलिंगं चुकलेली असतात. आपल्याकडच्या गावठी कट्ट्यांवरही 'मेड इन यूएसए' कोरलेलं असतं, हे पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत नेहमी वाचायला मिळतं. त्याला जुनं किंवा नवं कोणतंच मोल नाही. तो फक्त गुन्हा आहे.

कागद नसलेल्या जुन्या पिस्तुलाचं सगळ्यांत काळं उदाहरण सांगितल्याखेरीज वर्ध्यातला हा विषय पुरा होत नाही. नथुराम गोडसेने गांधीजींवर झाडलेलं पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचं १९३४च्या नमुन्याचं, क्रमांक ६०६८२४. ते त्याने खुनाच्या दोनच दिवस आधी, २८ जानेवारी १९४८ रोजी, ग्वाल्हेरमध्ये मिळवलं. ते तिथे कसं पोचलं, कोणा अधिकाऱ्याने युद्धावरून आणलं, याच्या अनेक कहाण्या लिहिल्या गेल्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. एक हत्यार हातोहात फिरत राहिलं आणि कुठेही त्याची नोंद झाली नाही. परवाना, विक्रीची सूचना, विक्रेत्याची वही या सगळ्या कटकटी कशासाठी आहेत, हे ज्यांना समजत नाही, त्यांनी सेवाग्रामला बापूकुटीत पाच मिनिटं बसून या क्रमांकाचा विचार करावा.

या कटकटी प्रत्यक्षात अशा. परवानाधारकाला आपलं खासगी हत्यार दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं. पण आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. काय विकतो आहे, कोणाला, त्याचं नाव-पत्ता काय. ही सूचना दिल्यावर पंचेचाळीस दिवस उलटल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. घेणारा दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर दोन्हीकडच्या कार्यालयांचा पत्रव्यवहार त्यात भर घालतो. दुसरा मार्ग परवानाधारक विक्रेत्याचा. वर्धेकर त्यासाठी बहुधा नागपूरची वाट धरतात. विक्रेता आपला नफा घेतो, पण त्याच्या वहीत येण्याची आणि जाण्याची नोंद होते, आणि पुढे प्रश्न आला तर ती नोंद बोलते. खरेदीनंतर हत्यार परवान्यावर चढवून घ्यायचं. विक्रेत्याचा परवाना चालू आहे का, त्यावर राष्ट्रीय नोंदीचा विशिष्ट ओळख क्रमांक आहे का, हेही पाहायला हवं. तो क्रमांक नसलेले जुने परवाने मुदत संपल्यावर अवैध ठरले आहेत, आणि अवैध परवान्यावरचं पिस्तूल विकायचा अधिकार विकणाऱ्याला उरत नाही.

कागद पार पडले की लोखंडाकडे वळावं. त्यातही हातात घेतल्या घेतल्या मॅगझिन काढायचं, सरकपट्टी मागे ओढायची आणि नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस नाही हे डोळ्यांनी व बोटाने तपासायचं. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, या समजुतीने घरच्या घरी माणसं गेली आहेत.

नळी उजेडाकडे धरून पाहावी. आतले पेच धारदार आणि चमकदार असतील तर उत्तम. काळसर पण कडा शाबूत असतील तर चालेल. देवीच्या व्रणांसारखे खड्डे असतील, तर कोणीतरी जुनी काडतुसं उडवून नळी साफ करायचं विसरलं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्याचे क्षार नळीत राहतात, पावसाळ्याची ओल ओढून घेतात आणि पोलाद खातात. नळीत आडवी काळी कडी दिसली, तर ती बहुधा फुगलेली आहे. आत अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली गेली असणार. अशी नळी बदलायला हवी, आणि पन्नास-शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी पिस्तुलाची नळी इथे मिळणं दुर्मीळ. परवानाधारक कारागिराकडे दाखवल्याशिवाय अशा पिस्तुलाची किंमत बोलूच नये.

मग यंत्र. सरकपट्टी मागे-पुढे करताना ती खरखरते का, आडवी हलते का. धक्का पेलणारी स्प्रिंग मेलेली आहे का. ही स्प्रिंग स्वस्त भाग, पण ती मऊ पडली की पट्टी दर गोळीला पोलादावर आपटते आणि कालांतराने तडा जातो. सेफ्टी लावून, रिकाम्या हत्यारावर, चाप ओढून पाहावा. घोडा किंवा आतली सुई सुटता कामा नये. कोल्टच्या आणि ब्राउनिंगच्या बऱ्याच नमुन्यांत मुठीमागे दाबायची दुसरी सेफ्टी असते, ती दाबल्याशिवाय चाप चालला तर कोणीतरी आत हात घातला आहे.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग मॅगझिन. जुनं पिस्तूल अडतं तेव्हा बहुतेक वेळा दोष मॅगझिनच्या वरच्या पातळ ओठांत असतो. ते पडून किंवा वर्षानुवर्षं भरून ठेवल्याने पसरतात. .३२च्या काडतुसाला मागे जराशी कड असते. मॅगझिनमध्ये ती एकमेकांत अडकली की काडतूस पुढे सरकतच नाही. मूळ कारखान्याचं सुटं मॅगझिन सोबत मिळत असेल, तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. नंतर ते शोधायला गेल्यावर मिळत नाही.

आता रंगरूप. बंदुकीच्या पोलादावर निळसर काळा थर दिलेला असतो, त्याला ब्लूइंग म्हणतात. शंभर वर्षांत तो मुठीच्या कडांवर, नळीच्या टोकाशी, पाकिटात घासून उडणारच. उडालेला मूळ रंग बऱ्याच खरेदीदारांना आवडत नाही, आणि विक्रेत्यांना हे ठाऊक असतं. मग पॉलिशच्या चाकावर पिस्तूल घासलं जातं, नवा रंग किंवा निकेल चढवलं जातं, आणि 'एकदम कंडिशन' म्हणून ते मखमली पेटीत येतं. संग्राहकाच्या दृष्टीने तिथेच त्याची अर्धी किंमत गेलेली असते. ओळखायला फार विद्या लागत नाही. धारदार असायला हव्यात त्या कडा गोल झालेल्या, कोरीव अक्षरं पुसट, स्क्रूच्या भोकांच्या तोंडांशी बशीसारखा खोलगटपणा. अमेरिकेत मूळ रंग किती टक्के शिल्लक आहे, यावर भावांची छापील पुस्तकं निघतात. तिथे नव्वद टक्के आणि साठ टक्के यांच्या किमतीत मोठा फरक पडतो. भारतात बाजार अजून चमक पाहून पैसे देतो. हे विचित्र वाटलं तरी शहाण्या खरेदीदाराच्या पथ्यावर पडणारं आहे, कारण मूळ रंगाचं पण उडालेलं पिस्तूल इथे कधी कधी स्वस्त मिळतं.

विदर्भात गंज दोन ठिकाणांहून येतो. पहिलं म्हणजे चामड्याचं पाकीट. चामड्यात घाम आणि रंगवताना वापरलेली रसायनं राहतात, आणि त्यात ठेवलेल्या पिस्तुलाच्या एकाच बाजूला बारीक ठिपके पडतात. मुठीच्या लाकडी किंवा रबरी पट्ट्या काढून आत पाहिल्याशिवाय खरी अवस्था कळत नाही. दुसरं ठिकाण निवडणूक. आचारसंहिता लागली की जिल्ह्याची छाननी समिती ठरवते, कोणाकोणाची हत्यारं ठाण्यात जमा करायची. लोकसभा, विधानसभा, मग स्थानिक निवडणुका. आठवडे-महिने पिस्तूल ठाण्याच्या कोठीत, तेलाच्या बोटाविना. परत घेताना मालक सही करतो आणि कपाटात ठेवतो. असं दहा-वीस वर्षं झालेलं पिस्तूल बाहेरून धड आणि आतून कुजलेलं असू शकतं.

पिस्तुलासोबत जुनी काडतुसं 'फुकट' मिळतात, तीही विचार करून घ्यावीत. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि नोंद न केलेलं एक काडतूसही अडचणीत आणतं. शिवाय जुना दारूगोळा लहरी असतो. पुलगावच्या दारूगोळा भांडाराच्या शेजारी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेली आग आणि २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुन्या दारूगोळ्याची विल्हेवाट लावताना झालेला स्फोट, ज्यात सहा जण गेले, या परिसराने पाहिले आहेत. खिशातल्या काडतुसाचं प्रमाण अर्थात त्यांच्यापुढे कणभर. पण ओल लागलेलं काडतूस अर्धवट जळलं, तर गोळी नळीत अडकते, आणि वर सांगितलेली ती काळी कडी अशीच तयार होते. तपासायला गोळ्या झाडायच्याच असतील, तर मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रात, नव्या काडतुसांनी, परवानाधारकाच्या हजेरीत.

मग शेवटी भाव किती? त्याचा पाया भारतीय कारखान्यांच्या किमतीत शोधावा. सरकारी शस्त्रनिर्मिती कारखाने .३२ची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर नवी विकतात. २०१४ मध्ये कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं, तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. २०२१ मध्ये हे कारखाने चालवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाच्या सात कंपन्या झाल्या, आणि आता खासगी कारखानेही परवाने घेऊन उतरले आहेत. इंग्लंडच्या वेब्ली अँड स्कॉटचं नाव उत्तर प्रदेशातल्या सांडिल्यात ठोकलं जातं. नवं देशी हत्यार हमीसह, सुट्या भागांसह मिळत असताना, जुन्या परदेशी पिस्तुलासाठी त्याच्या कितीतरी पट मोजण्याला संरक्षणाच्या दृष्टीने काही अर्थ नाही. ते पैसे दुर्मीळतेचे आणि मिरवण्याचे असतात. ज्याला ते द्यायचे आहेत त्याने द्यावेत, पण मनाला समजूत घालू नये. .३२ची ताकद इटलीत बनल्याने वाढत नाही.

दुर्मीळतेचा हिशेबही एका फटक्यात बदलू शकतो. आयातीचं धोरण उद्या सैल झालं, तर आज लाखांत जाणाऱ्या वाल्थरचा भाव जगाच्या बाजाराच्या भावाकडे झुकेल. शेअरबाजारात हे लोक चटकन समजतात, पिस्तुलात मात्र 'किंमत कधी उतरत नाही' यावर त्यांचा गाढ विश्वास असतो.

कायद्याने भाव खाली येऊ शकतात याची झलक २०१९ मध्ये दिसली. १४ डिसेंबर २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. तिसरं वर्षभरात ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. तिन्ही हत्यारं वारशाने आलेल्यांनाही सूट मिळाली नाही. वारसाहक्काने परवाना देतानाही दोनाची मर्यादा ओलांडता येत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. मुदतीच्या टोकावर विकणाऱ्याच्या हातात भाव राहत नाही, तो घेणाऱ्याच्या हातात जातो.

वारशाच्या घरात हीच घाई पुन्हा दिसते. परवानाधारक गेल्यावर त्याचा परवाना वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. हत्यार ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं, आणि वारसाने स्वतःचा अर्ज करायचा असतो. नियमांत त्यासाठी वेगळी तरतूद आहे. मालक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने ते हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर हयातीतच वारसाला परवाना मिळावा म्हणून अर्ज करता येतो. फार थोडी कुटुंबं ही सोय वापरतात. बहुतेक ठिकाणी तेराव्यानंतर कपाट उघडतं आणि मगच आठवण येते. मुलं पुण्यात किंवा परदेशात, कोणालाच पिस्तूल नको असतं. ठरलेल्या मुदतीत परत नेलं नाही किंवा विकलं नाही, तर जमा हत्यार सरकारजमा होऊ शकतं. विक्रेता हे ओळखून भाव सांगतो. त्यामुळे दोन-तीन विक्रेत्यांकडून लेखी भाव घ्यावेत. आणि जमा करतानाच पावतीवर बनावट, बोअर, क्रमांक, काडतुसांची मोजदाद आणि मॅगझिन किती हे लिहून घ्यावं. दुसरं मॅगझिन पावतीत नसेल, तर वर्षाने ते मागायला गेल्यावर दाखवायला काहीच नसतं.